मियाटाला घरच्या गॅरेजमध्ये हेडर बसवताना

हेडर म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइपांचा संच. तो कारखान्यातून आलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी लावतात. हेडर बसवण्याचे काम म्हणून जे ओळखले जाते, त्यातला बहुतेक वेळ प्रत्यक्षात जुने मॅनिफोल्ड काढण्यात जातो, आणि त्यातलाही मोठा भाग दोन-तीन गंजलेल्या नटांपाशी जातो. नवा, चकचकीत हेडर खोक्यातून काढून इंजिनला लावायला तासाभरापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही. म्हणून या लेखात मी काढण्याच्या कामाला झुकते माप दिले आहे. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्याची गाडी अडते ती तिथेच, आणि महागातली चूकही तिथेच होते.

माझ्यासमोर असलेली गाडी पहिल्या पिढीची, १.८ लिटर इंजिनाची माझदा मियाटा आहे. १९८९ साली आलेली ही दोन आसनी गाडी उत्तर अमेरिकेबाहेर एमएक्स-५ आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले, आणि १९९४ च्या मॉडेलपासून तिच्यात १.६ ऐवजी १.८ लिटरचे इंजिन आले. माझी गाडी १९९५ ची, डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेली आणि न्यू जर्सीच्या रस्त्यांवरचे मीठ पंचवीसहून अधिक हिवाळे खाल्लेली आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधल्या वाचकांच्या गाडीत स्टीअरिंग उजवीकडे असेल. त्यामुळे एका ठिकाणी काम सोपे होते, ते पुढे सांगतोच.

आधी या खटाटोपातून काय मिळते ते स्पष्ट असावे. चार सिलिंडरच्या या इंजिनाचा फायरिंग क्रम (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-४-२ असा आहे, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दर १८० अंशांना एका सिलिंडरचा धूर बाहेर पडतो. ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेऱ्यांना) हे अंतर अवघे ५ मिलिसेकंद असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताक्षणी दाबाची लाट पाइपातून तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला साधारण ५०० ते ६०० मीटर, पुढे धावते. पाइप जिथे एकत्र येतात तिथे पोहोचल्यावर तिचा काही भाग कमी दाबाची लाट होऊन मागे फिरतो. पाइपांची लांबी अशी निवडतात की ही परतीची लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास सिलिंडरशी यावी आणि उरलासुरला धूर ओढून न्यावा. ४-२-१ रचनेत आधी १ आणि ४, तसेच २ आणि ३ या जोड्या एकत्र येतात, कारण त्या प्रत्येक जोडीतल्या दोन सिलिंडरांत ३६० अंशांचे अंतर असते आणि ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ४-१ रचनेत चारही पाइप एकाच ठिकाणी मिळतात. ढोबळमानाने पहिली रचना मधल्या आरपीएमला आणि दुसरी वरच्या टोकाला फायद्याची ठरते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी नेहमी ४-२-१ सुचवतो, कारण रोजच्या वापरात इंजिन मधल्या पट्ट्यातच जास्त वेळ असते.

पण बाकी काहीही न बदलता एकट्या हेडरने या इंजिनाला मोजकेच हॉर्सपॉवर मिळतात. ज्याला फक्त आकडा वाढवायचा आहे त्याने हा खर्च करू नये. आवाजातला मोकळेपणा, मधल्या आरपीएमला ॲक्सिलरेटरला मिळणारी चटकन दाद आणि पुढे करायच्या बदलांसाठी तयार होणारा पाया, यांसाठी हे काम करावे. तडा गेलेले जुने मॅनिफोल्ड तसेही बदलायचेच असेल, तर मात्र निर्णय अगदी सोपा आहे.

कायदा आणि निवड

अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टनुसार प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे. सुदैवाने या मियाटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) मॅनिफोल्डमध्ये नसून गाडीच्या पोटाखाली, मॅनिफोल्डला जोडलेल्या पुढच्या पाइपानंतर आहे, त्यामुळे फक्त मॅनिफोल्डची जागा घेणारा हेडर लावला तर कन्व्हर्टरला हात लावावा लागत नाही. कॅलिफोर्नियात तेवढ्याने भागत नाही. तिथे त्या विशिष्ट हेडरला, तुमच्या गाडीच्या वर्षासाठी, कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मंजुरीचा) क्रमांक असावा लागतो आणि स्मॉग, म्हणजे प्रदूषण, तपासणीत तो पाहिला जातो. खोक्यासोबत आलेला तो स्टिकर बॉनेटखाली लावून टाकावा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा पुण्यामुंबईत एखाद्या गाडीला हेडर लावण्याआधी, ती गाडी रस्त्यावर चालवायची आहे की फक्त ट्रॅकवर, हे आधी ठरवावे.

हेडर निवडताना लोक पाइपांचा आकार आणि चमक पाहतात. मी आधी फ्लँज पाहतो, म्हणजे सिलिंडर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) टेकणारी जाड पट्टी. ती साधारण १० मिलिमीटर जाडीची असावी. पातळ फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, आणि एकदा वाकलेली फ्लँज कितीही आवळली तरी गळतच राहते. पुढचा प्रश्न धातूचा. ३०४ दर्जाचे स्टेनलेस गंजत नाही, पण तापल्यावर ते ओतीव लोखंडापेक्षा बरेच जास्त पसरते. ३८ सेंटीमीटर लांबीची पट्टी ४०० अंशांनी तापली तर ३०४ ची लांबी सुमारे अडीच मिलिमीटर वाढते, ओतीव लोखंडाची पावणेदोनच्याही आत राहते, आणि ती ज्याला टेकलेली असते ते ॲल्युमिनियमचे हेड पाण्यामुळे थंड राहत असल्याने मिलिमीटरभरही वाढत नाही. याचा अर्थ तापण्या-थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत फ्लँज हेडवर सरकणार आणि मागे येणार. म्हणून चांगल्या हेडरची टोकाची भोके स्टडपेक्षा (हेडमध्ये बसवलेल्या, नट लावायच्या आटेदार दांड्यापेक्षा) थोडी मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. ती घट्ट असली तर ताण वेल्डवर जातो आणि काही महिन्यांत पाइप एकत्र येतात तिथे बारीक तडा दिसू लागतो. साध्या पोलादावर सिरॅमिकचा लेप असलेला हेडर हा मला उत्तम मधला मार्ग वाटतो, कारण तो कमी पसरतो आणि बॉनेटखालची उष्णताही कमी करतो.

खरेदीआधी आणखी एक खातरजमा करावी. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १.८ लिटरच्या मियाटात ईजीआरची (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची) नळी असते, १.६ मध्ये ती नसते. १९९६ आणि १९९७ च्या गाड्यांत ओबीडी-२ या दोष ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीमुळे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. तुमच्या वर्षाला लागणाऱ्या जागा हेडरवर आहेत की नाहीत, हे पैसे देण्याआधी पाहावे. नव्या हेडरवर नंतर भोक पाडून नट वेल्ड करत बसणे म्हणजे त्याचा लेप स्वतःच्या हाताने जाळणे.

आदल्या संध्याकाळी

हे काम दुपारी ठरवून संध्याकाळी करण्याचे नाही. शुक्रवारी संध्याकाळी इंजिन कोमट असताना प्रत्येक दिसणाऱ्या नटावर आणि स्टडच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे आणि रात्रभर सोडावे. त्यासाठी खास बनवलेले पेनिट्रेटिंग ऑइल घ्यावे. घरातल्या बिजागऱ्यांना मारतो तो फवारा इथे पुरा पडत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून केलेले घरगुती मिश्रणही चांगले काम करते, पण ते पटकन पेट घेते, म्हणून गरम पाइपावर किंवा पेटत्या बर्नरजवळ ते अजिबात वापरू नये. सकाळी पुन्हा एकदा तेल मारावे. नटाच्या डोक्यावर हातोडीने दोन-चार हलके ठोके दिले की तेल आट्यांत खोल शिरते.

त्याच संध्याकाळी सामान मांडून ठेवावे. नवे मूळ कंपनीचे पत्र्याचे गॅस्केट (दोन भागांमधली फट बंद करणारा पातळ थर), नवे स्टड आणि नट, १४ मिलिमीटरची सहा कोनी गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेंशन आणि एक मान वळणारा जोड, ऑक्सिजन सेन्सरसाठी २२ मिलिमीटरची फट असलेली गोटी, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना), तारेचा ब्रश, सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पात्या). बारा कोनी गोटी या कामात वापरू नये, कारण गंजाने झिजलेल्या नटाचे कोपरे ती गोल करून टाकते.

गाडी वर आणि जुने बाहेर

सकाळी गाडी सपाट सिमेंटवर उभी करून, मागच्या चाकांना अडणी लावून, पुढचा भाग जॅकने उचलावा आणि दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहावे. ती डुलली तर पुन्हा उतरवून नीट बसवावी. एक टनाच्या आसपासची ही गाडी हलकी म्हणून ओळखली जाते, पण छातीवर पडायला तेवढे वजन पुष्कळ आहे.

बॅटरीची ऋण तार सोडवावी. मियाटाची बॅटरी बॉनेटखाली नसून डिकीत आहे, आणि नव्या मालकाला ती शोधताना थोडा वेळ लागतो. त्यानंतर एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) आणि इंजिनसमोरून थ्रॉटलकडे जाणारी हवेची नळी काढावी. हा भाग निघाला की एक्झॉस्टची बाजू वरून मोकळी दिसू लागते. वायरींचे कनेक्टर ओढून तोडू नयेत. क्लिप दाबून, कनेक्टरच्या अंगाला धरून सोडवावेत. इतक्या जुन्या गाडीतले प्लास्टिक बिस्किटासारखे तुटते. पुढे मॅनिफोल्डवरचे उष्णतारोधक पत्रे काढावेत. त्यांचे छोटे बोल्ट बहुधा गंजलेले असतात. एखादा तुटला तर फार मनाला लावून घेऊ नये, कारण नव्या हेडरवर त्या पत्र्यांची जागा क्वचितच येते.

ऑक्सिजन सेन्सर गाडीच्या वर्षानुसार मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगतच्या पाइपात असतो. आधी त्याची वायर सोडवावी, मग फट असलेली गोटी लावून सावकाश फिरवावे. इंजिन किंचित कोमट असेल तर तो सहज सुटतो. १,००,००० मैल झालेला जुना सेन्सर पुन्हा बसवण्यापेक्षा या संधीचा फायदा घेऊन नवा लावणे शहाणपणाचे आहे. ईजीआर नळीचा मोठा नट फिरवताना नळीही सोबत पिळली जाते का, यावर डोळा ठेवावा. जात असेल तर तेल मारून थांबावे.

आता गाडीखाली जाऊन मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप यांच्या जोडावरचे नट सोडवावेत. इथे लांब एक्स्टेंशन कामी येते. पाइपाला गिअरबॉक्सजवळ आधार देणारी पट्टी असते, तिचाही बोल्ट ढिला करावा, नाहीतर जोड सुटूनही पाइप खाली येत नाही आणि माणूस उगाच मॅनिफोल्ड हिसकत बसतो.

मग येते ते मुख्य काम, म्हणजे हेडवरचे नट. सुरुवात करण्याआधी बोट लावून सगळे नट मोजावेत. एखादा खालच्या बाजूला पाइपामागे लपलेला असतो आणि तो राहून गेल्यामुळे मॅनिफोल्ड निघत नाही असे वाटते. नट फिरवताना एकाच दिशेने जोर लावत जाऊ नये. पाव फेरी ढिला, मग थोडा आवळ, तेल, पुन्हा पाव फेरी ढिला, अशा मागेपुढे चालीने गंजाचा भुगा आट्यांतून बाहेर पडतो. हाताला लागणाऱ्या जाणिवेकडे लक्ष द्यावे. नट सुटताना एक कोरडा कटकन आवाज येतो आणि लगेच प्रतिकार कमी होतो. तो शुभ समजावा. पण प्रतिकार रबरासारखा लवचीक लागत असेल, पाना फिरतोय पण आवाज नाही, तर नट सुटत नसून स्टड पिळला जातो आहे. त्या क्षणी हात थांबवावा.

मी माझ्या गाडीवर सर्वांत मागच्या सिलिंडरपाशी हा इशारा ओळखूनही अर्धी फेरी पुढे गेलो, आणि स्टड हेडच्या पृष्ठभागाशी अगदी समपातळीत तुटला. पुढचे दोन दिवस त्या एका स्टडसाठी गेले.

अडकलेला आणि तुटलेला स्टड

नट हलत नसेल तर उष्णता हाच खरा उपाय. छोट्या गॅस टॉर्चची ज्योत स्टडवर नव्हे, नटावर धरावी, म्हणजे नट पसरतो आणि आट्यांची पकड सुटते. ज्योत लावण्याआधी इंधनाच्या नळ्या आणि वायरी कुठे आहेत ते पाहावे, अग्निशामक हाताशी ठेवावा, आणि त्या जागी ब्रेक क्लीनर फवारलेला नसावा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरची वाफ ज्योतीत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीत फॉस्जीन या विषारी वायूत बदलू शकते, आणि बंद गॅरेजात ती चूक जिवावर बेतू शकते. म्हणून मी या कामात क्लोरीनविरहित डबाच ठेवतो.

नटासोबत आख्खा स्टडच निघून आला तर ते वाईट नाही, किंबहुना चांगलेच. तसेही नवे स्टड लावायचेच आहेत. स्टड तुटला पण बोटभर बाहेर उरला असेल, तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून आतल्या नटाला पाना लावावा, किंवा लॉकिंग पक्कड धरून मागेपुढे करावे.

समपातळीत तुटला असेल तर घाई सगळ्यांत घातक. हेड ॲल्युमिनियमचे आणि स्टड पोलादाचा, त्यामुळे ड्रिल जरा सरकले की ते मऊ ॲल्युमिनियमकडे ओढले जाते आणि भोक तिरके होते. वेल्डिंग येणाऱ्या मित्राला बोलावणे हा पहिला पर्याय. तुटलेल्या तोंडावर वॉशर आणि त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा, लाली जाईपर्यंत थांबायचे आणि मग पाना लावायचा. वेल्डची उष्णताच स्टडभोवतीचा गंज फोडते, आणि पुष्कळदा तो लोण्यासारखा फिरतो. वेल्डिंग नसेल तर पंचने अगदी मधोमध खूण करावी, जुन्या मॅनिफोल्डच्या किंवा नव्या फ्लँजच्या भोकाचा आधार घेत बारीक ड्रिलपासून सुरुवात करावी, आणि शक्य असेल तर उलट्या फिरण्याचे ड्रिल वापरावे, कारण कधी कधी ते भोक पाडता पाडताच स्टड बाहेर काढते. स्क्रू एक्स्ट्रॅक्टरबद्दल, म्हणजे तुटलेल्या स्टडमध्ये घुसवून तो फिरवून काढायच्या हत्याराबद्दल, मी सावधच आहे. तो कठीण पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने तो कोरता येत नाही आणि मग हेड काढून मशीन शॉपला न्यावे लागते. माझ्या स्टडने शेवटी वेल्ड केलेल्या तिसऱ्या नटाला दाद दिली. पहिले दोन नट वेल्डपाशीच सुटून आले होते.

आटे बिघडलेच तर एम १० बाय १.२५ च्या मापाची हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येते आणि ती मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते. सगळे स्टड निघाल्यावर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) हाताने, तेल लावून, नुसती माती काढण्यापुरता फिरवावा.

नवा हेडर

हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने किंवा ब्लेड आडवे धरून खरवडावा. कागदी चकती लावलेला ग्राइंडर तिथे फिरवू नये. दोन सेकंदांत ॲल्युमिनियमला खळगा पडतो. एक्झॉस्टच्या तोंडांत चिंध्या कोंबून ठेवाव्यात आणि त्या मोजून ठेवाव्यात.

आता हेडर हातात घेऊन त्याच्या फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरावी, मागून दिवा लावावा आणि उजेड कुठून झिरपतो ते पाहावे. जिथे उजेड दिसतो तिथे फीलर गेज घालावा. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त फट असेल तर तो हेडर परत करावा किंवा मशीन शॉपमध्ये घासून घ्यावा. जाड गॅस्केटने किंवा सिलिकॉन लावून ही फट झाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण या उष्णतेला सिलिकॉन टिकत नाही. गॅस्केट कोरडेच लावावे. फ्लँजची भोके गॅस्केटच्या आणि हेडच्या तोंडांशी जुळतात का, हेही याच वेळी पाहावे; वेल्डचा एखादा थेंब आत लोंबत असेल तर तो कानशीने साफ करावा.

नवे स्टड हाताने घट्ट बसतील इतकेच आत फिरवावेत. आधी गॅस्केट न लावता हेडर एकदा नुसता टांगून पाहावा. काही हेडर वरून उतरतात, काही खालून चढवावे लागतात. अडला तर कोन बदलावा, ठोकू नये. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत स्टीअरिंगचा दांडा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि त्याच्या नळ्या एक्झॉस्टच्याच बाजूला आहेत. एकाला स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगून दुसऱ्याने दांडा आणि पाइप यांच्यातले अंतर पाहावे. इंजिन रबरावर बसलेले असते आणि जोर लागला की कलते, म्हणून बोटभर अंतर हवेच. उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत हा प्रश्न येत नाही.

सगळे जमते असे दिसले की गॅस्केट लावून हेडर पक्का बसवायला घ्यावा. त्याआधी ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने तो पुसून काढावा आणि नंतर उघड्या हाताने धरू नये, कारण स्टेनलेसवर उमटलेला बोटांचा तेलकट ठसा पहिल्याच तापण्यात कायमचा भाजला जातो. स्टडच्या आट्यांवर जास्त उष्णता सोसणारे अँटी-सीझ (आटे अडकू न देणारे मलम) अगदी पातळ लावावे. सगळे नट आधी बोटांनी फिरवावेत, खालच्या पाइपाचा जोडही ढिलाच लावावा, आणि मग हेडवरचे नट मधल्यापासून सुरू करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जात तीन टप्प्यांत आवळावेत. माझदाच्या मॅन्युअलमध्ये या नटांसाठी ३८ ते ४६ न्यूटन-मीटर, म्हणजे २८ ते ३४ फूट-पाउंड, दिले आहेत. अँटी-सीझ लावलेल्या आट्यांवर तोच आकडा प्रत्यक्षात जास्त ताण देतो, म्हणून मी खालच्या आकड्याशी थांबतो. हेडवरचे नट पूर्ण झाल्यावरच खालचा जोड आणि शेवटी आधाराची पट्टी आवळावी. उलट क्रमाने केले तर पाइपाचे सगळे वजन आणि वाकडेपणा वरच्या गॅस्केटवर येतो.

सेन्सरच्या आट्यांवर निकेलचे अँटी-सीझ लावावे, पण टोकाला लागू देऊ नये. नव्या सेन्सरवर ते बहुधा आधीच असते. सेन्सरची वायर आणि जवळच्या सगळ्या नळ्या पाइपापासून दूर बांधाव्यात. प्लास्टिकचे टाय इथे वितळतात. धातूची क्लिप वापरावी. पाइपांना फायबरची पट्टी गुंडाळण्याची फॅशन आहे, पण साध्या पोलादाच्या हेडरला मी ती लावत नाही, कारण पट्टीत ओल धरून राहते आणि पाइप आतल्या आत गंजतो.

पहिले स्टार्ट

गाडी खाली उतरवून गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या अंगणात ढकलावी आणि तिथेच सुरू करावी. जोड गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या तोंडासमोर येतो, आणि त्याला ना रंग ना वास. पहिली दहा मिनिटे तेल आणि लेपाचा थोडा धूर निघेल, त्याने घाबरू नये. मात्र कुठे ज्योत किंवा वितळलेल्या प्लास्टिकचा वास आला तर लगेच बंद करावे.

गळतीचा आवाज टिकटिक असा, इंजिनच्या चालीबरोबर वाढणारा असतो. तो थंड असताना सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, कारण धातू तापून पसरला की बारीक फट बुजते. म्हणूनच दुपारी तापलेल्या गाडीवरून गळती नाही असा निष्कर्ष काढू नये. नेमकी जागा सापडत नसेल तर इंजिन बंद आणि थंड असताना शॉप व्हॅक्यूमची फुंकणारी बाजू मागच्या सायलेन्सरच्या तोंडाला लावावी आणि जोडांवर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे जागा दाखवतात. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर ती नुसत्या आवाजापुरती राहत नाही. दाबाच्या लाटांमध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात ऑक्सिजन जास्त आहे असे वाटते, आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. ओबीडी-२ च्या गाडीत अशा वेळी पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोड दिसू शकतो, आणि पी०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी) दिसला तर ईजीआरची नळी पुन्हा तपासावी.

दहा मिनिटांनंतर इंजिन बंद करून हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. मग सगळे नट त्याच क्रमाने पुन्हा तपासावेत. नवे गॅस्केट दबल्यामुळे दोन-तीन तरी थोडे फिरतातच. दुसऱ्यांदा वीस मिनिटे चालवून पुन्हा तेच करावे, आणि तिसऱ्यांदा पहिल्या शंभरेक मैलांनंतर. माझ्या गाडीवर त्या तिसऱ्या फेरीत फक्त एकच नट हलला, तोच मागच्या सिलिंडरचा, ज्याच्या स्टडसाठी दोन दिवस गेले होते. जुने मॅनिफोल्ड तेलाचे फडके फिरवून, सगळे पत्रे आणि बोल्ट एका डब्यात घालून, गाडीच्या वर्षाची चिठ्ठी लावून मी गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवले आहे. पुढच्या तपासणीला किंवा गाडी विकताना ते लागेल.